हलका हात

धाकटीच्या आईला आयुष्यभर एकच खंत होती, की या पोरीने कधी लाड करून घेतले नाहीत. थोरलीला मांडीवर घेतलं की ती मांजरासारखी अंग सैल सोडून द्यायची. धाकटीच्या गालावरून हात फिरवला की ती गाल पुसायची, बाहीने, खसाखसा. केस विंचरायला बसवलं की घर डोक्यावर घ्यायची. मोज्याची शिवण बोटांवर आली की शाळेच्या वाटेवरच बसकण मारायची, मग कुणी ओढा नाहीतर रागवा. आजी म्हणायची, नखरे आहेत. वडील म्हणायचे, नाजूक आहे. आई काही म्हणायची नाही. पोर गाढ झोपली की तेवढ्यात हात फिरवून घ्यायची, चोरी केल्यासारखा.

गंमत अशी, की याच पोरीला कपाट आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत घुसून बसायला फार आवडायचं. गाद्यांची चळत दिसली की ती खाली शिरायची आणि थोरलीला सांगायची, "वर बस." थोरली वर बसली की खालून खुदुखुदु हसू ऐकू यायचं. घरच्यांनी हा खेळ म्हणून पाहिला आणि विसरून गेले.

पुढे धाकटी कवळ्या बनवायला शिकली. ज्या ठिकाणी ती कामाला लागली त्याला मालक कारखाना म्हणायचे, पण होत्या दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत घासायचं यंत्र, आतल्या खोलीत धाकटी, तिचा स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि दातांचे खोके. दाताच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे प्लॅस्टरचे साचे यायचे. त्यांवर मेणाच्या हिरड्या चढवायच्या, त्यांत एकेक दात बसवायचा, तापवलेल्या सुरीने हिरडीला आकार द्यायचा. माणसं यायची नाहीत, नुसते जबडे यायचे. धाकटीला हे फार सोयीचं वाटायचं. तिच्या टेबलावरची ट्यूबलाइट बारीक आवाज करते, असं तिने एकदा सांगितलं. मालकांना तो आवाज ऐकू येईना, पण बाई चांगलं काम करते म्हणून त्यांनी ट्यूब काढून टाकली आणि टेबल खिडकीशी सरकवलं. त्या खिडकीशी ती दिवसभर कुणाच्या अध्यात ना मध्यात असायची.

स्थळ थोरलीने आणलं. मुलगा मोठ्या हॉस्पिटलात रक्त तपासणीच्या विभागात होता. त्याचं काम रक्त काढण्याचं. तिथे सगळे त्याला पीसभाऊ म्हणायचे, कारण त्याचा हात पिसासारखा हलका. सुई कधी टोचली आणि कधी निघाली हे कळायचं नाही. तान्ह्या पोरांच्या न दिसणाऱ्या शिरा, म्हाताऱ्यांच्या पळणाऱ्या शिरा, दुसऱ्याला सापडेनाशा झाल्या की वॉर्डातून निरोप यायचा, पीसभाऊंना पाठवा. त्याची रजा असली की काही पेशंट हात मागे घेऊन सरळ उद्या येतो म्हणायचे.

पहिल्या भेटीत तो धाकटीच्या समोर बसला नाही, बाकावर शेजारी बसला. त्यामुळे तिला त्याच्या डोळ्यांत बघायची सक्ती झाली नाही. त्याच्या अंगाला कसलाच वास नव्हता. अत्तर लावून पेशंटजवळ जायचं नाही, असा त्याचा नियम होता. त्याने विचारलं, "दात बघून माणसाचं वय कळतं?"

"थोडंफार. स्वभाव जास्त कळतो," ती म्हणाली. "रात्री दात खाणारा लगेच ओळखू येतो."

"माझे बघून सांगा."

"तोंड उघडा."

त्याने भर बागेत आ केला. धाकटीने नीट वाकून पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही खाता."

ज्याच्याजवळ तासभर बसून डोकं भणभणत नाही असा माणूस तिला पहिल्यांदाच भेटला होता. तिने होकार दिला. लग्न झालं.

आता पुढचं सांगायचं तर अवघड आहे. तिला तो मनापासून आवडायचा. त्याचं हळू बोलणं आवडायचं, कामावरून आल्यावर आधी पंधरा मिनिटं गप्प बसणं आवडायचं, रस्त्याने तिच्या चालीने चालणं आवडायचं. आणि त्याने हात लावला की तिच्या अंगाची आग व्हायची. तो मायेने लावायचा. ज्या बोटांचं सगळं हॉस्पिटल कौतुक करायचं त्या बोटांची टोकं तो तिच्या दंडावरून सावकाश फिरवायचा, मानेवरून, पाठीवरून. अंगावरून मोरपीस फिरल्यासारखं, असं लोक सुखासाठी म्हणतात. धाकटीला कुणी दिवसभर मोरपीस फिरवत ठेवलं असतं तर तिने न केलेला गुन्हाही कबूल केला असता. मुंगी चढली तर झटकता तरी येते. इथे मुंग्यांची रांग चढायची आणि झटकायची सोय नव्हती, कारण रांगेच्या टोकाला नवरा होता आणि तो हसून विचारत होता, "बरं वाटतंय ना?"

"हो," ती म्हणायची.

मग ती पलंगाची कड घट्ट धरायची, जीभ दातांच्या मागे दाबायची आणि मनातल्या मनात मेणात दात बसवायला घ्यायची. वरच्या जबड्याचे मधले दोन. त्यांच्या शेजारचे, जरा लहान, जरा तिरपे. मग सुळे. दाढांपर्यंत पोहोचेस्तोवर बहुतेक वेळा सगळं उरकलेलं असायचं. नवरा तृप्त होऊन झोपायचा. झोपेत त्याचा पाय तिच्या पायांवर येऊन पडायचा, भरलेल्या पोत्यासारखा जड, आणि त्या वजनाखाली धाकटीचं अंग हळूहळू निवायचं. तेवढा पाय तिला हवा असायचा. पण झोपलेल्या माणसाला हे कोण सांगणार, आणि जागं करून सांगायचं तरी काय.

सांगायचं असं अनेकदा ठरवलं. वाक्य ओठांपर्यंत यायचं आणि परत जायचं. नवऱ्याचा स्पर्श सोसत नाही, याचा जगात एकच अर्थ होतो. तो अर्थ खरा नव्हता आणि दुसरा तिला मांडता येत नव्हता. थोरलीशी एकदा आडून आडून बोलून पाहिलं. थोरली म्हणाली, "अगं, सुरुवातीला सगळ्यांनाच लाज वाटते. होईल सवय."

सवय झाली नाही. युक्त्या झाल्या. ती झोपताना जाड स्वेटर घालू लागली, थंडी सोसत नाही म्हणून. भर उन्हाळ्यातही ती थंडी टिकली. डोकेदुखी झाली, कंबरदुखी झाली. कारखान्यात काम जास्त आहे, म्हणून ती उशिरा येऊ लागली. प्रत्येक युक्तीबरोबर तिच्या वावरायची जागा आक्रसत गेली. नवरा बाहेरच्या खोलीत असला की ती स्वयंपाकघरात, तो स्वयंपाकघरात आला की ती न्हाणीत. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एवढंच घर. लपून लपून लपणार कुठे.

घरात सासूबाई होत्या. त्या बाहेरच्या खोलीत झोपायच्या आणि मधे प्लायची भिंत. त्या भिंतीतून चमचा पडलेलाही ऐकू जायचा. सासूबाई तोंडाच्या फटकळ, मनाने वाईट नव्हत्या. एकदा भाजी निवडताना म्हणाल्या, "तुमचं भांडण ऐकू येत नाही, हसणं ऐकू येत नाही. मी मुलाच्या घरात राहते की वाचनालयात?"

धाकटी भाजी निवडत राहिली.

"मूलबाळ नाही झालं तर नाही. मी त्यावरून बोलणार नाही. पण माणसाने माणसाशी बोलावं तरी."

नवऱ्यालाही आता काहीतरी जाणवू लागलं होतं. तो मूर्ख नव्हता. दिवसभर लोकांचे हात हातात घेणाऱ्याला ताठरलेला हात कळत नाही असं कसं होईल. फक्त त्याला त्याचं कारण वेगळं वाटत होतं. एकदा त्याने विचारलं, "तुझ्यावर या लग्नाची जबरदस्ती झाली होती का?"

"नाही हो."

"मग मी आवडत नाही?"

"आवडता."

"तुझं आवडणं फार महाग आहे बुवा," तो म्हणाला आणि हसला, पण हसू गालातच राहिलं.

मग तो रविवार आला. दुपारची वेळ होती, सासूबाई शेजारी गेल्या होत्या, शेजारच्यांचा रेडिओ, खालच्या दुकानातला करवतीचा आवाज आणि शिट्टी मारणारा कुकर, सगळं एकदम चाललं होतं. धाकटी ओट्याशी कांदा चिरत होती. नवरा मागून आला. तिच्या मानेवर केसांची एक बट आली होती, ती त्याने बोटाच्या टोकाने अलगद बाजूला केली आणि तिथे हळूच फुंकर घातली.

धाकटी वळली ती सुरीसकट. सुरी लागली नाही, पण तिने दोन्ही हातांनी त्याला असं ढकललं की तो कपाटावर आदळला आणि वरचे डबे खाली आले. डाळ सगळीकडे पसरली. दोघंही तसेच उभे.

"मी काय पाल आहे का?" नवरा म्हणाला. आवाज चढवून नव्हे, अगदी माहिती विचारल्यासारखा.

धाकटीला बोलता येईना. तिच्या बाबतीत असं व्हायचं, फार झालं की शब्द बंद पडायचे. ती खाली बसून डाळ गोळा करू लागली. तो चपला घालून निघून गेला.

त्या दिवसापासून त्याने हात लावणं सोडलं. रागावला नाही, बोलणं टाकलं नाही. मीठ दे, दार लाव, येतो, एवढं बोलायचा. बशीसुद्धा तिच्या हातात न देता टेबलावर ठेवायचा. पलंगाच्या अगदी कडेला, भिंतीकडे तोंड करून झोपायचा आणि झोपेतही पाय आवरून ठेवायचा. धाकटीला वाटलं होतं, सुटलो. पण हे सुटणं नव्हतं. पूर्वी ती एका खोलीत अडकली होती, आता त्याच खोलीला बाहेरून कडी लागली एवढंच. तो पाय नसल्याने तिला झोप येईना. आणि तो मागायचा कुठल्या तोंडाने? ज्याला ढकलून दिलं त्यालाच म्हणायचं, की आता जवळ या?

याच दिवसांत एक बाई कारखान्यात आल्या. कवळी घालणारं माणूस कधी कारखान्यात येत नाही, ते डॉक्टरकडे जातं. पण या बाई, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, रुमालात कवळी बांधून जिना चढून थेट धाकटीच्या टेबलाशी आल्या.

"ही तू केलीस ना? टोचते."

धाकटीने कवळी बोटांनी चाचपली. टोचण्यासारखं काही लागलं नाही. तरी तिने कड जराशी घासली, गुळगुळीत केली. बाईंनी तोंडात घातली आणि लगेच काढली.

"डॉक्टर म्हणतात, मनाचे खेळ आहेत," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, मग कवळी मनातच बसवा."

धाकटीला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

बाई येत राहिल्या. धाकटी कवळी इथे घासे, तिथे घासे, बाई घालून बघत आणि मान हलवत. मालक वैतागले, पण बाई निमूटपणे कोपऱ्यात बसायच्या, त्यांना घालवणार कसं. एका दुपारी बाईंनी कवळी काढून टेबलावर ठेवली ती परत उचललीच नाही.

"तुझा दोष नाही, बाळ. मला तोंडात परकी वस्तू चालत नाही. लहानपणी धातूचा चमचा चालायचा नाही. अंगाला लोकर चालायची नाही. कुणी खांद्यावर हळूच हात ठेवला की ओरडावंसं वाटायचं."

धाकटीच्या हातातली सुरी थांबली. "कुणीही?"

"कुणीही. आमचे हेसुद्धा." बाईंनी रुमालाची घडी घातली. "चांगला माणूस होता हो. त्यांची जन्मभर समजूत होती, की मला त्यांची किळस येते. मी ती तशीच जाऊ दिली, कारण खरं सांगायला वाक्यच सापडत नव्हतं. मी गणितवाली, भाषा माझा विषय नाही."

"नंतर सापडलं?"

"सापडलं की. ते गेल्यावर. त्यांच्या आजारपणात शेवटी शेवटी त्यांना पडायची भीती वाटायची, म्हणून मला करकचून धरायचे. तेव्हा कळलं, की असं धरलेलं मला चालतं. नुसतं चालतं नाही, हवं असतं. म्हणजे वाक्य काय होतं? जोरात धरा. दोन शब्द. आणि सगळा संसार त्या दोन शब्दांवाचून गेला."

बाई उठल्या, जिन्यापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "ती कवळी ठेवून घे. माझं चावायचं वय सरलं. मी बिनदाताचीच बरी."

घरी सांगायचं तर ती प्लायची भिंत. म्हणून धाकटी दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या हॉस्पिटलात गेली. लग्नानंतर ती तिथे कधी गेली नव्हती. तिथला वास आणि पांढरा उजेड तिला सोसत नसे. त्या दिवशी ती दारात उभी राहून बघत राहिली. समोर एक म्हातारा, कातडी कागदासारखी. नवऱ्याने त्याचा हात घेतला, दोन बोटांनी शीर शोधली, काहीतरी गमतीचं बोलला, आणि म्हातारा हसेपर्यंत नळी भरलीसुद्धा. "झालं?" म्हाताऱ्याने विचारलं. "मला कळलंच नाही."

जेवणाच्या सुट्टीत ते दोघं मागच्या अंगणात बसले. तिथे दोऱ्यांवर हॉस्पिटलच्या चादरी वाळत होत्या. धाकटी समोरच्या चादरीकडे बघत बोलली, कारण त्याच्याकडे बघून बोलता आलं नसतं.

"तुमचा हात फार हलका आहे."

"हे सांगायला इथवर आलीस?"

"हो. मला तो हलका हात सोसत नाही. जिथे लागतो तिथे भाजल्यासारखं होतं. लहानपणापासून असं आहे, आईचाही सोसायचा नाही. जोरात धरलेलं चालतं. वजन चालतं. तुमचा पाय झोपेत अंगावर पडायचा, तो मला फार आवडायचा."

तो आधी हसला. खरंच हसला. "अख्खं जग ज्या हातासाठी रांगेत उभं राहतं…" इतकं बोलून तो थांबला.

"म्हणजे इतकी वर्षं," तो म्हणाला. "प्रत्येक वेळी?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "बहुतेक वेळी."

"आणि तू सोसत होतीस."

"हो."

"मी दिवसभर येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, दुखतंय का. परक्या माणसांना विचारतो." त्याने स्वतःचे हात मांडीवर पालथे ठेवले. "तुला बरं वाटतंय ना, असंच विचारायचो. दुखतंय का असं नाही विचारलं."

"विचारलं असतं तरी मी नाही म्हणाले असते."

"का?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आता वाटत नाहीये का?" तो म्हणाला, आणि उठून गेला. सुट्टी संपली होती.

पण तो तिथेच थांबणारा माणूस नव्हता. आठवड्याभराने त्याने हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आणि धाकटीला घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी दोन-तीनदा बोलावलं, लहानपणापासूनचं सगळं विचारलं, आणि शेवटी सांगितलं, की हा आजार नाही, घडणच अशी आहे, आणि याला एक नाव आहे. स्वमग्नता. बायकांच्यात पुष्कळदा उशिरा लक्षात येते.

जिना उतरताना धाकटी म्हणाली, "नाव चुकीचं ठेवलंय. मी कुठे स्वतःत मग्न आहे? मला बाहेरचंच सगळं जास्त ऐकू येतं. स्वतःत मग्न होता आलं असतं तर हवं होतं की."

"नाव काही का असेना," नवरा म्हणाला. "तू मला टाळत नव्हतीस, एवढं मला पुरे आहे."

ते काही दिवस बरे गेले. नवरा शिकायला तयार होता. "असं?" तो विचारायचा. "अजून जोरात," ती म्हणायची. "असं?" "अजून." तो रक्त काढताना पट्टा बांधल्यासारखा तिचा दंड आवळायचा आणि तिला खरंच शांत वाटायचं, डोक्यातला गलका खाली बसल्यासारखा. एकदा तर ती त्याच्या मिठीत इतकी निवांत झाली की रडूच आलं, आणि तो घाबरून हात सोडू लागला तेव्हा तिने त्याचे हात ओढून परत घट्ट केले. पण एक गोष्ट तिच्या लक्षात येत होती. जोर लावताना तो डोळे मिटून घ्यायचा. जबडा आवळायचा. नंतर कितीतरी वेळ हात धूत बसायचा.

मग एका सकाळी धाकटी बाह्या वर करून भांडी घासत होती आणि सासूबाईंना तिच्या दंडावर निळे डाग दिसले. चार बोटांचे, स्पष्ट. नवरा आंघोळ करून बाहेर आला तेव्हा त्यांनी त्याला समोर उभं केलं.

"तू हिच्यावर हात टाकतोस?"

"आई, काहीतरीच काय."

"भिंतीतून ऐकलंय मी. जोरात काय, अजून काय. मला वाटलं होतं, तू तरी त्यांच्यावर गेला नाहीस."

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. धाकटी ओल्या हातांनी मधे आली. "आई, त्यांनी काही केलं नाही. मीच सांगितलं होतं."

सासूबाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. त्यांच्या आवाजातला फटकळपणा गेला होता. "सगळ्या असंच म्हणतात, पोरी. मीही हेच म्हणायचे. माझंच चुकलं, मीच सांगितलं, मीच दारावर आपटले."

बाहेरच्या खोलीत भिंतीवर सासऱ्यांचा फोटो होता. नीट कातरलेल्या मिशा, इस्त्रीचा शर्ट. धाकटीने त्यांना पाहिलं नव्हतं, ते लग्नाआधीच गेलेले. त्यांच्याबद्दल घरात कुणी काही बोलायचं नाही, आणि न बोलणं तिला कधी खटकलं नव्हतं. आता तिला एकदम सगळं कळलं. एवढा हलका हात माणसाला उगाच येत नाही. लहान मुलाने रोज एक हात वर जाताना पाहिला असेल आणि ठरवलं असेल, की आपला हात कुणाला कळूसुद्धा द्यायचा नाही. आणि तिने त्याला नेमकं काय मागितलं होतं?

तिने सासूबाईंना समजावण्याचा प्रयत्न केला. डॉक्टरीणबाई, नाव, लहानपण, गाद्यांची चळत, सगळं सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असेल बाई." पण त्यांचे डोळे त्या डागांवरून हलले नाहीत. पुढे कितीतरी दिवस त्या मुलाच्या हातून पाण्याचा पेलासुद्धा घेत नव्हत्या. आपणच वाढवलेल्या मुलाला चोरून बघायच्या, आणि त्यांचं ते बघणं त्याला दिसायचं.

त्याने पुन्हा हात लावणं सोडलं. या वेळी रागाने नव्हे. धाकटीने विनवलं तेव्हा तो म्हणाला, "हळू लावला तर तुला भाजतं. जोरात लावला तर मला माझ्या हाताच्या जागी त्यांचा हात दिसतो. मी काय करू, तूच सांग."

इतक्या वर्षांनी वाक्य सापडलं होतं, ते बोलूनही झालं होतं, आणि आता कळत होतं की ते वाक्य या माणसासाठी नव्हतंच. त्याच्याही अंगात एक बंद खोली होती, आणि तिचं दार धाकटीच्या आधी त्याच्या वडिलांनी ढकललं होतं.

दोघांचं मग सुरळीत झालं, असं सांगितलं तर खोटं होईल. वेगळं व्हायचा विषय एकदा निघाला, त्याने काढला, तिने नको म्हटलं आणि त्याला सुटल्यासारखं वाटलेलं तिने पाहिलं. मूल झालं नाही. पुढे होण्याचं चिन्ह नव्हतं. थोरली भेटली की विचारायची, आता सगळं ठीक ना, आणि धाकटी म्हणायची, ठीक. बऱ्याच संध्याकाळी ते दोघं एकाच टेबलाशी बसत, मधे हातभर अंतर, आणि ते अंतर ओलांडायचं कसं हे दोघांनाही ठाऊक नसे. कधी तो विचारायचा, "चालेल?" आणि ती म्हणायची, "आज नको." खरं बोलायची. तो मान डोलवायचा, पण तोंड कसनुसं व्हायचं, आणि ते बघून पुढच्या वेळी तिला पुन्हा जुनं खोटं "हो" म्हणावंसं वाटायचं. कधी म्हणायचीही.

एका रविवारी धाकटी जमिनीवर बसून उशांचे अभ्रे शिवत होती. नवरा पेपर घेऊन आला, टेकायला भिंत शोधू लागला, पण भिंतीशी कपड्यांचे ढीग होते. तो तिच्या मागे बसला आणि नकळत तिच्या पाठीला पाठ टेकली. लगेच सावरून सरळ झाला.

"राहू द्या," ती म्हणाली.

तो परत टेकला, आधी जपून, मग पेपर वाचता वाचता पूर्ण भार टाकून. हात त्याचे पेपरवर होते, तिचे शिवणात. तिच्या पाठीच्या कण्यावर त्याचा श्वास वरखाली होताना जाणवत होता. खूप वेळाने, पेपरचं पान न उलटता तो बोलू लागला, वडिलांबद्दल, कधी न सांगितलेलं. आणि ते तिला कानांपेक्षा पाठीतून जास्त ऐकू येत होतं. तिने सुई थांबवली.

पलीकडून सासूबाईंनी हाक मारली, चहा झालाय, या, गार होतोय. दोघांनाही उठावं लागलं. नवरा आधी उठला. सवयीने त्याने तिला उठवायला हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला. धाकटी जमिनीला हात टेकून उठली.

चहाचा पेला सासूबाईंनी मुलापुढे सरकवला, आणि तो उचलेपर्यंत त्याच्या हाताकडे बघत राहिल्या.